तीन हिसके

करवत पडली ती दोरवालीच्या उजव्या पायापासून वीतभर अंतरावर. पातं मातीत रुतलं, मूठ थोडा वेळ थरथरली आणि मग शांत झाली. दोरवालीनं आधी करवतीकडं बघितलं, मग स्वतःच्या पायाकडं, आणि मग मान वर केली. वर पानांच्या गर्दीत नवऱ्याचे तळवे तेवढे दिसत होते.

"निसटली," तो वरून ओरडला.

"मला नाही लागली," ती म्हणाली. त्यानं विचारलं नव्हतं तरी.

आता करवत पडण्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्यानं या माणसाला झाडावर बघितलेलं नाही. सव्वीस वर्षं तो चढत होता आणि सव्वीस वर्षांत त्याच्या हातून खाली पडल्या त्या फक्त फांद्या, त्याही आधी सांगितलेल्या जागी. दोराला बांधून चहाची किटली वर पाठवली तर थेंब न सांडता रिकामी करून परत पाठवायचा. बाकीच्या झाडतोड्यांची हिंमत जिथं संपायची तिथून याचं काम सुरू व्हायचं, पार शेंड्यापर्यंत. म्हणून लोक त्याला शेंड्या म्हणायचे. काटकुळा, लांब हातांचा, जमिनीवर चालताना जरा अवघडल्यासारखा वाटायचा. झाडावर मात्र घरात फिरावं तसा फिरायचा.

आणि बायको दोरवाली. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला, तिथून दोर वर जाऊन बेचक्यातून खाली यायचा, झाडाच्या बुंध्याला दोन वेढे घ्यायचा आणि दुसरं टोक हिच्या मुठीत. तो वर सरकेल तसा ही ओढून घ्यायची, तो उतरेल तशी सोडायची. यंत्राच्या करवतीच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून सगळं बोलणं दोरावर. वरून दोन हिसके आले की सैल सोडायचं. लागोपाठ आले की आवळून धरायचं. खालून तीन हिसके गेले की त्याचा अर्थ, बास झालं, खाली या. त्यावर वरून एकच हिसका यायचा, आलो.

घरी दोघं फारशी बोलायची नाहीत. शेजारणी म्हणायच्या, यांचं पटत नाही वाटतं. पटायचं हो! दिवसभराचं सगळं दोरावर बोलून झालेलं असायचं, घरी येऊन उरणार काय?

त्या दिवशी तो खाली उतरला, करवत उपटली, पातं पुसलं आणि पुन्हा चढला. पण दोरवाली त्या दिवशी दोर एरवीपेक्षा आवळून धरून उभी राहिली. कारण तिला बाकीचंही दिसत होतं. शर्टाची बटणं हल्ली ती लावून द्यायची. "घाई आहे, लाव पटकन," असं तो म्हणायचा, जसं काही गाडी पकडायची आहे. खिशातून किल्ली काढायला त्याला खिसा उलटा करावा लागायचा. सकाळच्या गारठ्यात बोटांची टोकं पांढरीफटक पडायची. आठ वर्षांपूर्वी यंत्राची करवत घेतली तेव्हापासूनचं हे दुखणं. दिवसभर ते यंत्र हातात थडथडायचं आणि ती थडथड हळूहळू बोटांत जाऊन बसली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली होती आणि म्हणाले होते, "यंत्र सोडा. उंचावर चढणं सोडा." शेंड्या बाहेर येऊन म्हणाला, "आणि श्वास पण सोडतो. अक्कल सांगतोय मला!"

वाऱ्याचे दिवस तोंडावर आले होते. गेल्या वर्षीच्या वाऱ्यानं पाचपंचवीस झाडं आडवी केली होती, दोन घरांची छपरं बसली होती. त्यामुळं यंदा जो तो आपल्या दारातल्या झाडाकडं संशयानं बघत होता. एरवी अशा दिवसांत या दोघांना जेवायला फुरसत मिळाली नसती. यंदा महिन्याभरात चार झाडं. कारण कंपनी आली होती. कंपनीकडं लांब हाताची गाडी, हाताच्या टोकाला माणूस उभा राहील असा पिंजरा, डोक्यावर पिवळ्या टोप्या, आणि सगळ्यात मोठं म्हणजे कागद. काही मोडलं, कुणी पडलं, तर जबाबदारी आमची, असं शिक्क्यासकट लिहून द्यायचे. लोकांना तरी नावं कशी ठेवायची? शेंड्याकडं असला कागद कुठला? त्याच्याकडं एक दोर होता आणि एक बायको.

त्यातून कंपनीच्या पिंजऱ्यात उभा राहणारा माणूस म्हणजे शेंड्याचाच धाकटा भाऊ. यानंच त्याला चढायला शिकवलं, यानंच पडता पडता दोनदा कॉलर धरून वाचवलं. करवत पडली त्याच्या चौथ्या दिवशी तो संध्याकाळी घरी आला, टोपी काखेत धरून.

"काय वहिनी, चहा आहे का कंपनीच्या माणसाला?"

"बसा भावजी. टोपी ठेवा खाली, कुणी चोरत नाही."

"या वयात पाळण्यात उभं राहायची वेळ आली बघा. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली. नुसतं झुलायचं." तो हसला. शेंड्या हसला नाही. तो चुलीपाशी गेला आणि उकळत्या चहाचं भांडं उघड्या हातानं उचलून घेऊन आला. फडकं नाही, चिमटा नाही. आरामात आणलं, तिघांचे पेले भरले, भांडं खाली ठेवलं.

धाकट्याचं हसणं जागच्या जागी विरलं. त्यानं भावाच्या तळहाताकडं बघितलं, मग वहिनीकडं. दोरवालीनं मान खाली घातली.

"दादा," तो म्हणाला, "आमच्याकडं खाली पण माणूस लागतो. रस्त्यावरची गाडी अडवायला. लाल झेंडी धरायची, बस. दिवसभर सावलीत. मी बोलू का मुकादमाशी?"

"झेंडी?"

"हो."

"मी झेंडी धरू?"

"तसं नाही दादा..."

"चहा पी आणि जा," शेंड्या म्हणाला. "गार होतोय."

तो गेला. पेला तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंचा निरोप आला. बाई शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी अर्धं गाव त्यांना बघून अजून बिडी लपवायचं. अठरा वर्षं त्यांच्या अंगणातली झाडं शेंड्याच छाटायचा. स्वयंपाकघराच्या मागं निलगिरीचं एक थोराड झाड होतं. गेल्या वाऱ्यात त्याची मुळं एका बाजूनं उखडली आणि ते घरावर झुकलं. अर्धं वाळलं होतं. रात्री झाड करकरलं की बाई उठून बाहेरच्या खोलीत झोपायच्या.

"मुलगा फोनवर म्हणतोय कंपनीला बोलाव," बाई म्हणाल्या. "आपल्याच गल्लीत तारांखालच्या फांद्या तोडायला त्यांची गाडी आलीय, परवा दुपारपर्यंत आहे म्हणे. मी सांगितलं त्याला, माझा माणूस आहे. पण जमेल ना रे तुला? आधी वरून तोडत यायला लागेल. एकदम पाडलं तर माझं स्वयंपाकघर गेलं."

"परवा सकाळी येतो," शेंड्या म्हणाला.

दोरवालीनं झाडाभोवती एक फेरी मारली. साल गळून खोड गुळगुळीत झालं होतं. पहिलं बेचकं चार पुरुष उंचीवर. तिथवर पाय अडकवायला एक गाठ नाही की खाच नाही. सगळा भार हातांवर. हे झाड याला घेऊन खाली येणार, हे तिला इतकं लख्ख दिसलं की ती मटकन बुंध्याशीच बसली. बाईंना वाटलं उन्हानं झालं, त्यांनी पाणी दिलं.

घरी येताना तिनं विषय काढला.

"अहो, हे झाड नको."

"का?"

"तुमचे हात..."

तो रस्त्यातच थांबला. दोन्ही हात तिच्या तोंडासमोर धरले. "काय झालंय माझ्या हातांना? बघ. नीट बघ."

हात तसेच होते. रुंद, घट्टे पडलेले, नखांत राळ अडकलेली. दिसायला काहीच झालेलं नव्हतं, तीच तर पंचाईत होती.

"बटण लागत नाही म्हणून म्हणतेस? बटण आणि दोर यांत फरक आहे. बाकी कशाला बधिर असतील, दोराला नाहीत. दोर हातात आला की मला सगळं कळतं." तो पुन्हा चालायला लागला. "हे झाड मी उतरवलं की गल्लीतले बाकीचे पण बोलावतील. आणि नाही उतरवलं तर मग आहेच झेंडी."

दोरवालीला त्याचं ते दोराचं बोलणं खरं वाटलं. खरं वाटण्यासारखंच होतं. चढण्याआधी दोर तपासायची त्याची एक रीत होती. ज्या म्हाताऱ्यानं त्याला धंदा शिकवला त्याची ती शिकवण, डोळ्यांनी बघायचं नाही, बोटांनी बघायचं. शेंड्या डोळे मिटून उभा राहायचा आणि सगळा दोर टोकापासून टोकापर्यंत दोन्ही हातांच्या बोटांतून सरकवायचा. वितीवितीनं. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. एकदा दोरात केसाएवढी काच घुसली होती, ती त्यानं अशीच काढली. एकदा दुकानदारासमोर कोरा करकरीत दोर मधेच थांबून परत केला होता, "आत कुजलाय" म्हणून. दुकानदारानं पीळ सोडून बघितला तर खरंच आत कुजलेला.

बटणाला ती बोटं मेली असतील, पण दोराला जिवंत आहेत, असं धरून चालून तिनं मनात एक बेत केला. सांगून तो ऐकणार नव्हता. चार लोकांसमोर "याचे हात गेलेत" असं तिच्या जिभेवर आलं नसतं, जीभ झडली असती आधी. मग दोष दोरावर जाऊ दे. दोर खराब निघाला तर त्यात कुणाची नाचक्की? तो डोळे मिटून तपासणार, बोटं थांबणार, उंदरांना दोन शिव्या हासडणार आणि बाईंना सांगणार, आज जमत नाही. नवा दोर आणायचा म्हणजे बाजाराचं गाव, दोन दिवस मोडणार. तेवढ्यात बाईंचा मुलगा कंपनीला लावून मोकळा होणार. झाड जाईल, काम जाईल, पण माणूस राहील. आणि त्याचं नावही राहील.

ठरल्या दिवशी सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा तिनं खुंटीवरचा दोर काढला. तीन पेडांचा दोर, अंगठ्याएवढा जाड. नवरा कमरेला बांधायचा त्या टोकापासून चार हात मोजले, पीळ जरा उकलला आणि भाजी चिरायच्या सुरीनं एक पेड कापला. याच दोरानं लेकीला शिकवलं, तिचं लग्न लावलं, हे छप्पर उभं केलं. कापलेल्या जागी तिनं माती चोळली, पीळ पुन्हा बसवला आणि दोर होता तसा खुंटीला लावला. डोळ्याला चटकन दिसलं नसतं. बोटाला काट्यासारखं लागलं असतं.

मग तिनं त्याच्या शर्टाची बटणं लावली.

दोघं बाईंच्या अंगणात पोचली तेव्हा कंपनीची गाडी कुंपणापलीकडंच उभी होती. तारांखालचं काम उरकत आलं होतं. पिवळ्या टोपीचा मुकादम, धाकटा भाऊ आणि आणखी दोघे गाडीच्या सावलीत उभे राहून इकडं बघत होते. गल्लीतले रिकामटेकडेही जमले होते. बाई पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

शेंड्यानं दोर खांद्यावरून काढला. एकदा सगळ्यांकडं बघितलं आणि डोळे मिटले.

दोर त्याच्या बोटांतून सरकायला लागला. एक हात. किती शांत दिसत होता त्याचा चेहरा! दोन हात. गल्लीतलं कुणीतरी खोकलं तर बाईंनी वळून असं बघितलं की तो गप्प झाला. तीन हात. दोरवाली मनात म्हणत होती, आता, आता थांबतील.

चौथा हात सरकला. पाचवा सरकला.

तिला वाटलं आपणच चुकून जास्त लांब कापलं. सहावा, सातवा. दहावा. त्याची बोटं एका लयीत चालली होती, कुठं घाई नाही, कुठं अडखळणं नाही. सगळा दोर त्याच्या हातांतून गेला आणि पायाशी नीट वेटोळं होऊन पडला. त्यानं डोळे उघडले.

"दणकट आहे," तो बाईंना म्हणाला.

बोटं दोरालाही मेली होती. आणि तो वर्षभर, कोण जाणे किती दिवस, असा डोळे मिटून नुसता दोर सरकवत होता आणि चढत होता. मागच्या चारही झाडांवर. त्याआधीच्या झाडांवर.

आता बोल, असं ती स्वतःला सांगत होती. पण तोंड उघडेना. बोलायचं म्हणजे काय काय बोलायचं? मी कापला, हे. आणि याला कळलं नाही, हे. एक सांगितलं की दुसरं आपोआप सगळ्यांना समजणार. तिनं भावजींकडं बघितलं. ते टोपीचा पट्टा चावत उभे होते.

दगड बांधलेली सुतळी बेचक्यात फेकायला शेंड्यानं हात मागं नेला. दगड खोडावर आपटून खाली आला. दुसऱ्यांदा सुतळी हातातून आधीच सुटली आणि दगड बाईंच्या कुंडीत पडला. गल्लीतलं कुणीतरी फिसकन हसलं. तिसऱ्या वेळी बसली. सुतळीमागून दोर वर गेला, बेचक्यातून खाली आला. त्यानं टोक कमरेला बांधलं, गाठ दातांनी ओढून आवळली. दोरवालीनं बुंध्याला दोन वेढे दिले. हे सगळं तिचे हात आपसूक करत होते.

तो चढायला लागला. अनवाणी तळवे गुळगुळीत सालीवर चापत, गुडघे आवळत. एक पुरुष. तिनं दोर ओढून घेतला. दीड पुरुष. तिथं त्याचा डावा हात सुटला आणि तो क्षणभर सगळा दोरावर लोंबकळला. दोरवालीला त्याचं वजन मुठीत आलं. ते वजन तिच्या ओळखीचं होतं, सव्वीस वर्षांचं. आणि त्या वजनाखाली दोरात आत कुठंतरी कर्रर्र झालेलं तिला तळहाताला कळलं.

तिनं तीन हिसके दिले.

तो थांबला. त्यानं खोडाला मिठी मारली आणि खाली बघितलं. "काय गं?"

"खाली या."

"आत्ता कुठं चढतोय. काय झालं?"

"दोर कापलाय."

"काहीतरीच. मी आत्ता तपासला."

"चार हातावर. डोक्याच्या वर बघा." ती ओरडली. "मी कापलाय. मी. सकाळी, सुरीनं."

शेंड्यानं मान वर केली. त्याच्या डोक्यावर हातभर अंतरावर कापलेला पेड ताठ होऊन बाहेर आला होता, आणि ताण पडून बाकीच्या दोघांचा पीळ हळूहळू उलगडत होता. त्यानं एक हात वर नेला. कापलेल्या जागेवर बोटं ठेवली आणि फिरवली. पुन्हा फिरवली. मग हात डोळ्यांसमोर आणून बोटांकडं बघत राहिला. दोरवालीला खालून त्याचा चेहरा दिसत नव्हता, याबद्दल ती पुढं कायम देवाचे आभार मानायची.

तो दोराला न लोंबकळता उतरला, खोडाला छाती घासत. पाय टेकले तेव्हा शर्टाची बटणं तुटली होती आणि छातीवर लाल ओरखडे उठले होते.

"अरे, पण तू तपासलास ना आत्ता?" बाई खुर्चीवरून म्हणाल्या. वर्गात विचारावं तसं त्यांनी विचारलं, त्यांच्या मनात काही नव्हतं. "माझ्यासमोर तपासलास. मग तुला लागलं कसं नाही हाताला?"

शेंड्या कमरेची गाठ सोडत होता. ती त्याला सुटत नव्हती. धाकटा भाऊ कुंपण ओलांडून आला आणि खाली वाकून त्यानं ती सोडवली.

"दादा, चल. पाणी पी."

"बाजूला हो," शेंड्या म्हणाला. दोर त्यानं गोळा केला, खांद्यावर टाकला आणि फाटकातून निघून गेला. बायकोकडं बघितलं नाही.

लोकांच्या जिभेला मग हाड कशाला असतंय? नवऱ्याचा दोर कापला हो हिनं, असं एक जण दुसऱ्याला सांगायला लागला तो तिच्या देखतच. मुकादम जवळ आला. बिचारा सभ्य माणूस होता. "मावशी, तुम्ही कापला म्हणजे? कशासाठी?" भावजींनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं तेव्हा तो "अरेरे" म्हणाला आणि टोपी काढून डोकं खाजवायला लागला. त्या अरेरेपेक्षा लोकांचं बोलणं बरं होतं.

बाईंनी मुलाला फोन लावला. कंपनीची गाडी वळवून आत आणली. पिंजऱ्यात भावजी उभे राहिले, बटण दाबलं, वर गेले. शेंडा, फांद्या, खोडाचे ओंडके, एकेक तुकडा गाडीच्या हातानं अलगद खाली ठेवला. दीड तासात झाड संपलं. तिथं एवढं मोठं आभाळ दिसायला लागलं की बाईंनी डोळ्यांवर हात धरला.

"कंपनीवाले पाला उचलत नाहीत म्हणे," बाई तिच्याकडं न बघता म्हणाल्या. "तू उचलशील का? नाहीतर दुसरं कुणी बघते."

"उचलते," ती म्हणाली.

दुपारभर तिनं पाला गोळा केला. तोडलेल्या निलगिरीचा वास नाकातोंडात बसला, डोळे चुरचुरत होते, त्यामुळं पाणी येत होतं त्याचं कुणाला काही वाटलं नाही. ओंडके रचले, अंगण झाडलं, कुंडीतला तो सुतळीचा दगड काढून ओच्यात घातला. दिवस कलला तेव्हा ती घराकडं निघाली. रस्त्यात दोन बायका बोलायच्या थांबल्या आणि ती पुढं गेल्यावर पुन्हा बोलायला लागल्या.

तो उंबऱ्यावर बसला होता. अंगावर तोच फाटका शर्ट. मांडीवर दोर. डोळे मिटलेले होते आणि दोर तो गालावरून सरकवत होता, हळूहळू, वितीवितीनं. ती अंगणातच उभी राहिली. कापलेली जागा गालाला लागली तसा तो थांबला.

"सापडलं," तो म्हणाला.

ती जवळ गेली नाही.

"कशानं कापलास?"

"सुरीनं. भाजीच्या."

"चांगला कापलास. बाकीच्या दोन पेडांना ओरखडा नाही." त्यानं डोळे उघडले. गालाला दोराची माती लागली होती.

"तुम्हाला कळेल असं वाटलं होतं हो," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. "तुम्ही थांबाल असं वाटलं होतं."

"मलाही वाटलं होतं," तो म्हणाला. "कापलाय हे ठाऊक नव्हतं, पण असं काही असलं तर कळेल, असं वाटत होतं."

घराच्या मागं शेजाऱ्यांची कोंबडी उगाच ओरडत होती.

"सांगायला नको होतंस."

"मग काय करायला हवं होतं?"

"दोन पेड होते की अजून," तो म्हणाला. "एक झाड तर झालं असतं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. अंगणभर दोर पसरला होता, तो तसा टाकून कसं चालेल? रोज संध्याकाळी दोघं मिळून गुंडाळायची. तो एक टोक धरून बसायचा, ती दुसऱ्या टोकापासून कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये वेढे घेत त्याच्याकडं यायची. तिनं दुसरं टोक उचललं. त्यानं सवयीनं आपलं टोक मुठीत घेतलं, अंगठा वर दाबला आणि रस्त्याकडं तोंड वळवलं. गल्लीतलं उरलंसुरलं काम संपवून कंपनीची गाडी परत चालली होती. तिचा लांब हात दुमडून पाठीवर घेतलेला होता. तो तिकडं बघत राहिला.

चार वेढे झाले आणि दोरवाली थांबली. तिनं दोर ताणून धरला. आणि तीन हिसके दिले.

एका हिसक्याची वाट बघत ती उभी राहिली. दोर सैल पडला. त्याच्या मुठीतून निसटून तो मातीवरून सरपटत तिच्या पायाशी आला, सगळाच्या सगळा.

तो तसाच बसला होता. मूठ मिटलेली, अंगठा वर दाबलेला, तोंड रस्त्याकडं.

"गुंडाळ की," तो म्हणाला. "धरलाय मी."